हंसराजाची कुळी

पावसाळा लागला की शाहूवाडीत आंबा घाटाच्या दरडींवर काळे, तारेसारखे चकचकीत देठ फुटतात आणि त्यांना अर्धचंद्राकृती पानं लटकतात. हा हंसराज; वैद्यकाच्या ग्रंथांतली हंसपदी. पानावर पडलेला थेंब मोत्यासारखा घरंगळतो, पान कोरडंच राहतं. ग्रीकांनी त्यावरूनच नाव ठेवलं अॅडिअँटम, म्हणजे न भिजणारं.

पण हंसराज हे एकट्याचं नाव नाही, अख्ख्या भावकीचं आहे. या नेच्यांच्या वाटण्या होऊ लागल्या त्याला तीनशे वर्षं झाली. मलबारच्या वनस्पतींवरच्या ऱ्हीडच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी वैद्य राबले. त्याच्या १६९३च्या बाराव्या खंडात आपला अर्धचंद्री ‘अवेंका’ नावानं आहे. अवेंका हा पोर्तुगीज शब्द. १७५३ मध्ये लिनियसनं फिलिपेन्से हे नाव दिलं, १७६८ मध्ये बर्मननं लुन्युलाटम. दोन्ही एकच की वेगळे, यावर आजही एकमत नाही.

ओळखायचं तर पान उलटावं. काठ आत दुमडलेला असतो. काठ दुमडणाऱ्या इतर नेच्यांत ही दुमड नुसतं पांघरूण असते, बीजाणूंच्या पिशव्या खाली पानाला चिकटलेल्या. हंसराजाच्या कुळात पिशव्या पांघरुणालाच लागलेल्या असतात. पुढची निवड देठावर. अर्धचंद्रीचा देठ गुळगुळीत, कॉडेटम आणि इन्सायजम या जातींचा केसाळ. या केसाळ भावांची गल्लत तर फारच झाली: भारतात कॉडेटम म्हणून नोंदलेले कित्येक नमुने पुढे इन्सायजम ठरले. ब्लॅटर आणि डी’आल्मेडा यांचं ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ १९२२चं. त्या काळी पान, देठ आणि भिंग एवढ्यावरच निवाडा व्हायचा.

१९६०नंतर लीड्सच्या इरीन मॅन्टन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसाळ गटातली गुणसूत्रं मोजली. भारतात अर्धचंद्रीचीही मोजली गेली. या कुळाचा मूळ आकडा ३०. कुणात ६०, कुणात ९०, कुणात १२०. नव्वदवाल्यांत सम जोड्या जुळत नाहीत, म्हणून ते फलनाची वाटच पाहत नाहीत: बीजाणू रुजतो आणि नर-मादी पेशींच्या मिलनाशिवाय नवा नेचा उभा राहतो. त्यामुळे कुठल्याशा दरडीवर पानाला एखादी खाच जास्त पडली तर ती मिसळून जात नाही, पिढ्यान्‌पिढ्या तशीच उतरते. मला या कुळात सगळ्यांत विलक्षण हेच वाटतं. अशी खाच दिसली की नवी जात म्हणावी की जुन्याच जातीचा एक वाण, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

म्हणून आंब्याहून पान आणताना त्याला बीजाणू धरले आहेत ना, ते आधी बघावं, आणि कागदावर दरड, गाव, तारीख लिहावी. अर्धचंद्रीचं टोक लांबून मातीला टेकतं, तिथं मुळं धरतं. ते टोकही सोबत खुडून आणावं.