बंबल माशी : अन्नशोधातील ऊर्जेचा ताळेबंद

बॉम्बस या प्रजातीतील केसाळ, जाडसर माश्यांना बंबल माश्या म्हणतात. जगात त्यांच्या सुमारे 250 जाती असून भारतात त्या मुख्यतः हिमालयात आढळतात. महाराष्ट्रात घराचे वासे पोखरणारा काळा भुंगा त्यांच्यापैकी नव्हे. थंड प्रदेशातल्या या माशीला मकरंदासाठी उडावे लागते, उडण्यासाठी अंग तापवावे लागते आणि त्यासाठी मकरंदातलीच साखर जाळावी लागते.

पंखांचे स्नायू ज्यात असतात तो शरीराचा मधला भाग, म्हणजे वक्ष, सुमारे 30 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज तिला झेप घेता येत नाही. गारठ्यात ती पंख न हलवता हे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करते. अशा वेळी निश्चल बसलेल्या माशीचे पोट तेवढे भराभर आतबाहेर होताना दिसते, कारण स्नायूंना लागणारी हवा त्या हालचालीने आत खेचली जाते.

खर्च उडण्यापुरताच नसतो, हे या विषयाचे मर्म आहे. फुलावर बसल्यावरही वक्ष गरम राखला नाही, तर पुढच्या फुलाकडे लगेच उडता येत नाही. अमेरिकेतील मेन राज्यात संशोधन करणारे बर्न्ट हाइन्रिक यांनी ‘बंबलबी इकॉनॉमिक्स’ (1979) या ग्रंथात हा जमाखर्च मोठ्या बारकाईने मांडला. भरपूर मकरंदाचे ऱ्होडोडेंड्रॉन थंडीतही परवडते, तर अगदी थोडा रस देणारी फुले हवा उबदार असेल तरच परवडतात. गोल्डनरॉडच्या दाटीने उमललेल्या बारीक फुलांवर मात्र माशी चालतच पुढे सरकते आणि अंग थंड होऊ देऊन साखर वाचवते. परंतु त्या तुऱ्यावरून उडायचे झाल्यास तिला पुन्हा तापावे लागते.

बचनागाच्या कुळातील उभ्या तुऱ्यांवर ती खालून वर जाते, कारण खालच्या फुलांत मकरंद अधिक असतो; वर तो घटत गेला की शेंडा गाठण्याआधीच ती पुष्कळदा दुसरा तुरा धरते.

पोटातील मधुपिशवी भरून ती जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका मकरंद घरट्यात नेऊ शकते. तरीही तेथील साठा जेमतेम काही दिवस पुरतो. हिवाळ्यासाठी मध राखण्याची पद्धत या माश्यांत नाही. हंगामातली शिल्लक नव्या राण्या आणि नर वाढवण्यात खर्ची पडते, वसाहत शरदात संपते आणि फलित राण्या तेवढ्या अंगातल्या चरबीवर जमिनीखाली हिवाळा काढतात.