आयपी पत्त्यांचा भाडेपट्टा : डीएचसीपी

नेटवर्कमधील प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता लागतो आणि एकच पत्ता दोघांना देऊन चालत नाही. पाच-दहा संगणकांच्या कार्यालयात हे पत्ते हाताने भरता येतात; संख्या वाढली की त्यांची वही ठेवावी लागते आणि वहीत चुका होतातच. हे काम आपोआप करणारी पद्धत म्हणजे डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, अर्थात डीएचसीपी. तिच्या आधी, १९८५ साली आलेल्या बूटपी या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक यंत्राची नोंद व्यवस्थापकाला अगोदरच करून ठेवावी लागे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएचसीपीने पत्ता ठराविक मुदतीपुरता, भाडेपट्ट्याने देण्याची सोय केली. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला तिचा मार्च १९९७ चा मसुदा आयपीच्या चौथ्या आवृत्तीसाठी आजही प्रमाण आहे.

नव्याने जोडलेल्या संगणकाला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हरचाही ठाऊक नसतो. म्हणून तो साऱ्या नेटवर्कला उद्देशून पुकारा करतो. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, संगणक त्याची मागणी नोंदवतो आणि सर्व्हर मान्यता देतो. हा पुकारा राउटर ओलांडून जात नाही. नेटवर्कचे अनेक विभाग असतील, तर राउटरवर 'रिले'ची सोय करावी लागते.

सर्व्हरची मांडणी करताना प्रथम त्याला स्वतःला कायमचा पत्ता द्यावा. मग वाटपासाठी पत्त्यांचा पल्ला ठरवावा. समजा, नेटवर्क १९२.१६८.१.० हे आहे आणि राउटर १९२.१६८.१.१ वर आहे. १०० ते २०० हा पल्ला वाटपाला दिल्यास १०१ पत्ते मिळतात आणि खालचे पत्ते सर्व्हर, राउटर यांच्यासाठी मोकळे राहतात. पत्त्यासोबत सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस सर्व्हर यांची माहितीही द्यावी लागते. गेटवे चुकला, तर पत्ता मिळूनही संगणक बाहेर पडू शकत नाही. प्रिंटरचा पत्ता त्याच्या मॅक पत्त्याशी बांधून राखून ठेवावा. मोबाईलबाबत मात्र ही युक्ती जपून वापरावी, कारण २०१९ च्या अँड्रॉइड १० आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वायफायवर आपला खरा मॅक पत्ता सहसा दाखवत नाहीत.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते मुदतीकडे. विंडोज सर्व्हरवर ती मुळात ८ दिवसांची असते. ४ दिवसांनी, म्हणजे निम्मी मुदत सरताच, संगणक नूतनीकरण मागतो. उत्तर न आल्यास सातव्या दिवशी कोणत्याही सर्व्हरकडे विचारणा करतो. कायम कर्मचारी असलेल्या कार्यालयाला हे ठीक. पण रोज ६० नवे वाचक येणाऱ्या ग्रंथालयात ते १०१ पत्ते दुसऱ्याच दिवशी संपतील, कारण निघून गेलेल्यांचे पत्तेही अडकून राहतात. तेथे एक-दोन तासांची मुदत पुरे. डीएनएस सर्व्हर बदलायचा असेल, तरी मुदत काही दिवस आधी कमी करावी. नवी माहिती संगणकांना बहुधा नूतनीकरणाच्या वेळीच कळते.

लिनक्सवर दीर्घकाळ वापरात असलेल्या आयएससी डीएचसीपी सर्व्हरची देखभाल इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमने २०२२ च्या अखेरीस थांबवली. नव्या मांडणीसाठी त्याच संस्थेचा 'किआ' निवडावा.

एखाद्या विंडोज संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर सर्व्हरचे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही, असे समजावे. त्याहून गंभीर प्रसंग असतो तो भलत्याच सर्व्हरने उत्तर देण्याचा. या प्रोटोकॉलच्या नेहमीच्या वापरात सर्व्हरची ओळख पडताळली जात नाही. कोणी घरचा राउटर आणून कार्यालयातील स्विचला जोडला, की तोही पत्ते वाटू लागतो आणि काही संगणक चुकीच्या गेटवेकडे वळतात. हेच हेतुपुरस्सर केले, तर सारी वाहतूक हल्लेखोराच्या हातून जाऊ शकते. मे २०२४ मध्ये संशोधकांनी 'टनेलव्हिजन' हा हल्ला उघड केला. त्यात डीएचसीपीच्या १२१ क्रमांकाच्या पर्यायातून नवे मार्ग सुचवून व्हीपीएनची वाहतूक बोगद्याबाहेर काढता येते. हा पर्याय न मानणारे अँड्रॉइड त्यातून वाचले. यावर उपाय म्हणजे व्यवस्थापनयोग्य स्विचमधील 'डीएचसीपी स्नूपिंग' सुरू करणे. मग अधिकृत सर्व्हरच्या पोर्टखेरीज अन्यत्रून आलेली उत्तरे स्विच टाकून देतो. ती सोय स्विचवर बहुधा बंदच असते; ती हाताने सुरू करून विश्वासार्ह पोर्ट नेमून द्यावे लागते.