पाळी थांबल्यानंतरचे मूत्रसंसर्ग : प्रस्तावना

भिलाईच्या सेक्टरांतल्या मराठी घरांत मे महिन्यात लघवीला आग झाली की आजही ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धन्या-जिऱ्याचं पाणी पुढे येतं. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. कारखान्यासाठी विदर्भातून आलेल्या कुटुंबांतल्या कित्येक लेकी-सुनांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. त्यांतल्या जिला ही आग भर थंडीतही पुन्हा पुन्हा छळते, तिच्यासाठी हा विषय आहे. आणि तिला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठीही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला तर तो वारंवार होणारा मानतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं. योनीच्या अस्तरातलं ग्लायकोजन कमी होतं, त्यावर पोसणारे लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जिवाणू ओसरतात, आम्लता उतरते आणि आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूला मूत्रमार्गाच्या तोंडाशी ठाण मांडता येतं. यात अस्वच्छतेचा दोष नाही. हे मी ठासून सांगते, कारण अनेकजणी त्या लाजेनेच गप्प राहतात आणि साबणाने धुऊन धुऊन नाजूक त्वचेला आणखी त्रास देतात.

१९९३ साली राझ आणि स्टॅम यांनी ९३ स्त्रियांवर केलेला प्रयोग इथे पायाभूत ठरला. एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं क्रीम योनीत लावायचं: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. औषधविरहित क्रीम लावणाऱ्यांत वर्षाला सरासरी ५.९ संसर्ग झाले, एस्ट्रिऑलवाल्यांत ०.५. इतका साधा उपाय अजून घरोघरी ठाऊक नसावा, याची मला खंत वाटते. २०२२च्या ब्रिटिश चाचणीत मेथेनामाइन हे लघवीतलं जंतुनाशक औषध संसर्ग टाळण्यात रोजच्या प्रतिजैविकाच्या तोडीचं ठरलं. डी-मॅनोज या साखरेने मात्र २०२४च्या मोठ्या चाचणीत निराशा केली. भरपूर पाणी पिण्याचा फायदा दाखवणारा नावाजलेला अभ्यास पाळी चालू असलेल्या स्त्रियांचा होता. तरी भिलाईच्या उन्हात तो सल्ला सोडू नये.

भिलाईत कारखान्याचं मोठं रुग्णालय सेक्टर ९मध्ये आहे, पण कोपऱ्यावरचं मेडिकल त्याहून जवळचं. तिथून आणलेल्या दोन-चार गोळ्यांनी जळजळ थांबते, लघवीचं कल्चर, म्हणजे जिवाणू ओळखण्याची तपासणी, राहून जातं आणि जिवाणू औषधाला सरावतात. पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा मधल्या धारेचा नमुना द्यावा. उलट, त्रास काहीच नसताना नुसत्या रिपोर्टात जिवाणू दिसले, तर सहसा औषध लागत नाही.

स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर क्रीमचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा. आणि लघवीत रक्त, थंडी वाजून ताप किंवा कमरेत कळ असेल, तर वाचन बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.