राखीव शब्दांची सत्ता

राजापूर तालुक्यांतील नाटे येथें जैतापूरच्या खाडीजवळ यशवंतगड उभा आहे. लोक त्याला किल्ला म्हणतात. हा शब्द अरबी. शिवकालीन राज्यव्यवहारकोशांत मात्र या विषयाच्या वर्गाचें नांव 'दुर्गवर्ग' आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रचलेल्या या दहा वर्गांच्या कोशानें फारसी दप्तरी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापति झाला. अधिकारवाचक शब्द निश्चित करणें हें त्यामागील धोरण होतें.

संगणकाच्या भाषांनाही असे निश्चित शब्द लागतात. १९९५ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या जावा भाषेंत सुमारें पन्नास शब्द राखीव आहेत. वस्तूंच्या वर्गाची व्याख्या करणारा 'क्लास' हा त्यांतलाच. असा शब्द दुसऱ्या कशालाही नांव म्हणून देतां येत नाहीं. 'गोटू' आणि 'कॉन्स्ट' यांना तर त्या भाषेंत कांहींच काम नाहीं. तरी त्यांचीं आसनें अडवून ठेविलेलीं आहेत.

यंत्राच्या भाषेंत नियम मोडल्यास भाषांतर करणारी आज्ञावली पुढें जाऊंच देत नाहीं. माणसांच्या भाषेला असा पहारेकरी नसतो. म्हणून कोशानंतरही 'पेशवा' टिकला, आणि 'सेनापति'ही रुजला. शब्द नेमून देणें राज्यकर्त्याच्या हातीं असतें. तो जगविणें बोलणाऱ्यांच्या.