शाळेच्या वाटेचे लेखाशीर्ष

एखाद्या लहान कामाला अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष द्यावे, की ते मोठ्या निधीत मिसळावे, हा आम्हा सरकारी अधिकाऱ्यांचा जुना वाद. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी नेहमी मिसळण्याच्या बाजूचा. अमेरिकेतील ‘सेफ रूट्स टू स्कूल’ योजनेचा इतिहास वाचल्यावर मात्र माझी खात्री डळमळली.

१९६९ साली तेथील ५ ते १४ वयाची जवळपास निम्मी मुले पायी वा सायकलने शाळेत जात. २००९ साली हे प्रमाण सुमारे १३ टक्के उरले. शाळा वस्तीपासून दूर गेल्या, रस्ते मोटारींसाठी रुंदावले, पदपथ राहूनच गेले. डेन्मार्कमधील ओडेन्स शहराने शाळेच्या वाटा सुरक्षित करण्याचे काम १९७० च्या दशकातच हाती घेतले होते. अमेरिकेत त्यासाठी केंद्राचा पैसा आला तो मिनेसोटाचे काँग्रेस-सदस्य जेम्स ओबरस्टार यांच्या चिकाटीने. ते स्वतः सायकलप्रेमी. २००० साली कॅलिफोर्नियातील मरीन काउंटी आणि मॅसॅच्युसेट्समधील आर्लिंग्टन येथे प्रत्येकी ५० हजार डॉलरचे प्रयोग झाले आणि ऑगस्ट २००५ च्या वाहतूक कायद्यात पाच आर्थिक वर्षांसाठी ६१.२ कोटी डॉलरची तरतूद झाली. (आपल्याकडे बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये दिले. तेथे पैसा वाहनाला, येथे वाटेला.)

सर्व खर्च केंद्राचा, प्रत्येक राज्याला किमान १० लाख डॉलर, ७० ते ९० टक्के रक्कम बांधकामावर, उरलेली प्रबोधन आणि वाहतूक-नियंत्रणावर. शिवाय प्रत्येक राज्यात एक पूर्णवेळ समन्वयक. हे शेवटचे कलम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. ज्या कामाला माणूस नेमलेला नसतो, त्याची फाइल कोणाच्याच टेबलावर नसते.

खोट होती ती कार्यपद्धतीत. शाळेसमोरच्या चिमुकल्या पदपथालाही केंद्रीय महामार्गांचेच नियम लागू झाले आणि पैसा प्रतिपूर्तीने, म्हणजे आधी खर्च करा, मग मागा. अशाने निधी पडून राहतो, आणि पडून राहिलेला निधी वित्त विभागाच्या डोळ्यांत खुपतो, हे मी आपल्याकडेही पाहिले आहे.

२०१२ च्या कायद्याने ही योजना एका व्यापक निधीत विलीन केली. साधारण २० टक्के वाटा स्थानिकांवर आला, समन्वयक ऐच्छिक झाला. घरी मोटार नाही म्हणून जिथली मुले चालतात, त्या गावांनी हा वाटा कोठून आणायचा? २०२१ च्या कायद्याने बारावीपर्यंतच्या शाळांनाही दार उघडले. स्वतंत्र लेखाशीर्ष मात्र परत दिले नाही.