कोंबडीला कुणी विचारलं?

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दर श्रावणात एक वाद हमखास होतो: अंडं व्हेज की नॉनव्हेज? यंदाही झाला. टीममधल्या एकाचं म्हणणं, दुकानातलं अंडं फलित नसतं, पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, म्हणजे त्यात जीव नाही, म्हणजे ते व्हेज. (मुद्दा बरोबर आहे. नुसत्या अंड्यांसाठीच्या पोल्ट्रीत खरंच कोंबडा नसतो.) दुसरीचं म्हणणं, कोंबडीच्या पोटातून येतं ना, मग संपलं. तिसरा "मी एगिटेरियन आहे" असं जाहीर करून ऑम्लेट खात बसला होता. मी नेहमीसारखा मजा बघत होतो. आणि एकदम लक्षात आलं की अर्धा तास आम्ही अंड्याच्या आत काय आहे यावर बोलतोय, बाहेर कोण आहे यावर एकही वाक्य नाही.

आमच्या गावाकडच्या घरात हा वाद माळेने सोडवला होता. आजोबा माळकरी, त्यांची चूल आणि भांडी वेगळी. आजी खायची, आम्ही पोरं खायचो, आखाड तर जोरात व्हायचा. कुणी कुणाला शिकवायला जायचं नाही. आजीच्या सात-आठ कोंबड्या होत्या. दिवसभर उकिरड्यावर, संध्याकाळी खुराड्यात. आजी काही प्राणिप्रेमी वगैरे नव्हती. पाहुणा आला की तीच कोंबडी धरायची आणि पुढचं सगळं तीच करायची. पण खुडूक बसलेल्या कोंबडीला हात लावायची नाही आणि पिल्लंवालीला तर नाहीच. दुपारी त्या कोंबड्या न्हाणीमागच्या राखेत खड्डा करून लोळायच्या. पंख फुगवायच्या, राख अंगावर उडवून घ्यायच्या, एका कुशीवर पडून पाय झाडायच्या. आम्ही त्याला कोंबड्यांची आंघोळ म्हणायचो.

हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एका मित्राच्या काकांकडे विट्याजवळ गेलो होतो. काकांची लेयर पोल्ट्री. शेडमध्ये शिरल्यावर आधी डोळ्यात अमोनिया गेला, मग आवाज ऐकू आला. तारेचे पिंजरे, एकावर एक. पिंजऱ्याची जमीन पुढच्या बाजूला उतरती, म्हणजे अंडं घातलं की घरंगळत पुढच्या पन्हळीत. समोर खाद्य, वर पाणी, विष्ठा खाली. अंड्याला माणसाचा हात एकदाच लागतो, उचलताना. खरं सांगतो, त्या दिवशी मला ते आवडलं होतं! डिझाइन म्हणून इतकी काटेकोर गोष्ट मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

एका पिंजऱ्यात चार कोंबड्या होत्या. त्यातली एक तारेवर बसून विचित्र काहीतरी करत होती. पंख फुगवत होती, पाय झाडत होती, चोचीने खाद्याच्या पन्हळीत ओरबाडत होती. मी काकांना विचारलं, हे काय? काका म्हणाले, "खाज सुटली असंल."

मीही ते सोडून दिलं. कारण पुष्कळ वर्षांनी कळलं, पण ते पुढे.

आता थोडा इतिहास. हा पिंजरा कुणा दुष्टाने शोधलेला नाही. कोंबड्या बाहेर सोडल्या की जंत होतात, कॉक्सिडिओसिस होतो, कोल्हा नेतो, हिवाळ्यात अंडी थांबतात. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्व खाद्यातून देता येऊ लागलं, तेव्हा उन्हाविना कोंबडी जगवणं शक्य झालं. १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि पाठोपाठ ब्रिटनमध्ये तारेचे पिंजरे रुळू लागले. विष्ठेशी संबंध तुटला म्हणून रोग कमी झाले, कुठली कोंबडी अंडी देत नाही तेही लगेच कळायला लागलं. महायुद्धानंतरचा ब्रिटन तर अंड्यांना आसुसलेला होता, रेशनिंग १९५३ पर्यंत चाललं. म्हणजे बघा, प्रत्येक पायरीवर एक खरीखुरी अडचण होती आणि प्रत्येक पायरीवर ती सुटली. फक्त ज्याच्यावर सिस्टीम चालवायची त्याला कुणी युजर धरलं नाही.

रूथ हॅरिसन ही लंडनची बाई. शास्त्रज्ञ नाही, शेतकरी नाही. क्वेकर पंथाची आणि शाकाहारी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या दारात कुणीतरी एक पत्रक टाकलं. त्यात पिंजऱ्यातल्या कोंबड्यांबद्दल आणि अंधारात डांबलेल्या वासरांबद्दल लिहिलं होतं. तिची पहिली प्रतिक्रिया तुमच्या-माझ्यासारखीच होती: मी मांस खातच नाही, माझा काय संबंध? आमच्या कँटीनमधले निम्मे लोक इथेच थांबतात (माळकरी आजोबाही इथेच थांबले होते). ती थांबली नाही. शेतांवर जाऊन शेड बघितल्या, शेतीची व्यावसायिक मासिकं वाचून काढली आणि १९६४ साली 'अ‍ॅनिमल मशीन्स' हे पुस्तक लिहिलं. प्रस्तावना रेचल कार्सनची. तीच, कीटकनाशकांवरच्या 'सायलेंट स्प्रिंग'वाली. पुस्तकातला मजकूर 'ऑब्झर्व्हर'मध्ये छापून आला आणि इतका गदारोळ झाला की ब्रिटिश सरकारला समिती नेमावी लागली.

त्या समितीचे अध्यक्ष रॉजर्स ब्रँबेल हे प्राणिशास्त्रज्ञ. डिसेंबर १९६५ मध्ये अहवाल आला. त्यात जनावरासाठी किमान पाच गोष्टी मागितल्या होत्या: वळता यावं, अंग साफ करता यावं, उठता यावं, बसता यावं, हातपाय ताणता यावेत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. एवढंच? हो, एवढंच, कारण एवढंही नव्हतं.

मला मात्र या अहवालातली सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातली चूक. समितीने म्हटलं की पिंजऱ्याच्या तळाला पातळ षटकोनी जाळी नको, पायाला टोचत असेल, जाड तार वापरा. ऐकायला किती माणुसकीचं! पण १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या दोन संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. कोंबड्यांपुढे वेगवेगळ्या जाळ्या ठेवल्या आणि त्या कुठे उभ्या राहतात ते बघितलं. कोंबड्यांनी निवडली तीच पातळ षटकोनी जाळी, पायाला जास्त ठिकाणी आधार मिळतो म्हणून. आयटीवाल्यांना सांगायला नकोच :) रिक्वायरमेंट आपण मीटिंग रूममध्ये बसून लिहिली, युजरला विचारलंच नाही.

मग ऑक्सफर्डच्या मेरियन डॉकिन्स यांनी हे विचारणं पद्धतशीर सुरू केलं. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा, कोंबडीला सोडा आणि बघा. १९७७ मध्ये छापलेला त्यांचा एक निकाल थोडा अडचणीचा होता. पिंजऱ्यातच वाढलेल्या कोंबड्या सुरुवातीला पिंजऱ्याकडेच जायच्या. मोकळं अंगण थोड्या वेळा अनुभवल्यावर मात्र त्या अंगण निवडू लागल्या. म्हणजे "बघा, त्यांना पिंजराच आवडतो" हेही खोटं आणि एकदा विचारून झालं की संपलं हेही खोटं. पुढे इतरांनी दारं जड करून बघितली. नुसती आवड आहे की गरज, हे कळण्यासाठी किंमत लावायची. अंडं घालायच्या आधी आडोशाची जागा मिळावी म्हणून कोंबड्या जड दारंसुद्धा ढकलतात.

आणि आता ती खाज. युरोपातल्या अभ्यासकांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. माती, भुसा, राख यातलं काहीच नसलेल्या तारेच्या पिंजऱ्यातही कोंबडी धूळस्नानाच्या सगळ्या हालचाली करते. पंख फुगवते, कुशीवर पडते, पाय झाडते, नसलेली माती चोचीने अंगाकडे ओढते. बहुतेक वेळा खाद्याच्या पन्हळीजवळ, कारण मातीसारखं दिसणारं तेवढंच असतं. जिने जन्मात माती पाहिलेली नाही तीसुद्धा हे करते. मी हे एका रविवारी रात्री वाचत होतो. डोळ्यासमोर विट्याची ती कोंबडी आली, आणि न्हाणीमागची राख.

आपल्याकडे काय झालं? आपल्याकडे सुरुवात खरं तर फार जुनी आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात सगळं मांस बंद केलेलं नाही. पण गाभण किंवा दुभत्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी मारू नयेत, सहा महिन्यांच्या आतली पिल्लं मारू नयेत आणि कोंबड्यांना खस्सी करू नये असं स्पष्ट कोरलंय. खाण्यापलीकडे जनावराशी वागण्याचाही प्रश्न असतो, हे त्या दगडाला माहीत होतं. (आमच्या आजीचे नियम याच्याशी किती जुळतात बघा. तिने अशोकाचं नाव शाळेतल्या पोरांकडून ऐकलं असेल, तेवढंच.)

आधुनिक कायदा आला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यामुळे. भरतनाट्यमवाल्या त्याच. राज्यसभेत त्यांनी खासगी विधेयक आणलं. सरकारच कायदा करेल असं आश्वासन नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि १९६० मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात लिहिलंय की हालचालीला पुरेसा वाव मिळेल इतकी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणं हा गुन्हा आहे. म्हणजे कायदा आधी आला आणि बॅटरी पिंजरे देशभर पसरले ते त्यानंतर!

ते पसरण्यात पुण्याचा वाटा मोठा. वेंकटेश्वरा हॅचरीज १९७१ मध्ये सुरू झाली, बी. व्ही. राव यांनी पुढे १९८२ मध्ये अंडी उत्पादकांना एकत्र करून एनईसीसी उभी केली. त्याआधी व्यापारी म्हणतील तो भाव असायचा, नंतर शेतकऱ्यांची संस्था रोजचा भाव जाहीर करू लागली. रविवार-सोमवारचं यमक जुळवणारी ती जाहिरात आठवते ना? ती यांचीच. १९५०-५१ मध्ये देशात वर्षाला माणशी पाच अंडी होती, २०२३-२४ मध्ये १०३. हा आकडा हलका घेऊ नका. किती पोरांच्या वाढीत तो शिरलाय, याचा विचार करा.

२०१७ मध्ये विधी आयोगाने अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवर आख्खा अहवाल दिला, बॅटरी पिंजऱ्यांविरुद्ध. २०२३ मध्ये केंद्राने नियम केले, एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर. प्रिंटरमधून ए-फोर कागद काढा आणि लांबीकडून साडेतीन सेंटिमीटरची पट्टी कापून टाका. उरला तो ५५०. युरोपात हाच आकडा २००३ पासून लागू होता आणि १ जानेवारी २०१२ पासून तिथे असे साधे पिंजरेच बंद झाले.

आणि आपले वाद? नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. केवढा गोंधळ! अंडं न खाणाऱ्या मुलांचं काय, भावना, संस्कार, प्रथिनं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला, पुन्हा गोंधळ. दोन्ही वेळचे लेख मी वाचले. मुलांना अंडं मिळायलाच हवं असं माझं मत आहे, तेव्हाही होतं. पण ते अंडं कुणाच्या पोटातून, कुठल्या तारेवरून येतं, हे दोन्ही बाजूंच्या एकाही लेखात मला दिसलं नाही. थेट कँटीनचा वाद, फक्त मोठ्या टेबलावर.

गेल्या महिन्यात मित्राकडून काकांचा नंबर घेऊन फोन केला. ओळख दिली, इकडचं तिकडचं झालं, मग भीत भीत त्या खाज सुटलेल्या कोंबडीबद्दल वाचलेलं सगळं सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते.

"मातीत लोळाय बघती, व्हय?" ते म्हणाले. "असंल. मग काय करायचं म्हनतोस?"

मी म्हटलं, पिंजरे काढता येणार नाहीत का?

"येतील की. जागा तिप्पट, मजूर दुप्पट. अंडं दुपटीला जाईल. तू घेशील?"

"घेईन."

"तू घेशील रे, पगार हाय तुला. साळंतल्या पोरान्ला कोन देनार त्या भावानं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी घरी आता मोकळ्या कोंबड्यांची म्हणून विकतात ती महागडी अंडी आणतो. ऑफिसात मात्र भुर्जी खातो, आणि ती कुठून येते हे मला पक्कं माहीत आहे. हा ढोंगीपणा आहे हे बायकोने आधीच सांगून झालंय, तुम्ही सांगायची गरज नाही.

फोन ठेवताना काकांना विचारलं, तुम्ही घरी कुठली खाता? शेडमधलीच ना?

"नाय," काका म्हणाले. "घरामागं चार गावठी सोडल्यात तुज्या काकीनं. घरच्यापुरती."

"देतात का रोज अंडी?"

"कवा देत्यात, कवा न्हाय. मनाला येईल तवा."