वाघाच्या झोपेची कुळकथा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘वाघाला बेशुद्ध करून जेरबंद करण्यात आले.’ 13 ऑक्टोबर 2022ला वैनगंगेपलीकडे वडसाच्या जंगलात सीटी-1 नावाचा वाघ पकडला गेला, तेव्हाही असंच छापून आलं. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागातली मिळून 13 माणसं त्या वाघाने मारली होती, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष ‘जेरबंद’वर. ‘बेशुद्ध करून’ हे दोन शब्द कुणी वाचतही नाही. खरी कुळकथा मात्र त्यांचीच आहे.

वाघाला लांबून मारतात त्या औषधाच्या सुईत, म्हणजे डार्टमध्ये, सहसा दोन औषधं असतात, झायलाझिन आणि केटामाइन. दोन्ही 1962ची, आणि जन्मली तेव्हा दोघांचाही वाघाशी काडीचा संबंध नव्हता.

जर्मनीतल्या बायर कंपनीला रक्तदाब उतरवणारं औषध हवं होतं, त्या खटाटोपात झायलाझिन हाती लागलं. रक्तदाब उतरला, पण फारच. नाडी मंदावली आणि झोप तर अशी की माणसाला देण्याची सोयच राहिली नाही. मग ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलं. त्याच सुमारास बोरिंगर कंपनीत क्लोनिडिन नावाचं औषध चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी तयार होत होतं. सर्दी झालेल्या एका सेक्रेटरीबाईंच्या नाकात त्याचे थेंब घातले, तर बाई दुसऱ्या दिवसापर्यंत झोपल्या! एक औषध रक्तदाबाचं, एक नाकाचं, आणि दोन्हींचा शेवट झोपेत. दोन्ही कुठेतरी एकाच जागी जाऊन बसत असणार, हे उघड होतं. ती जागा कोणती, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

औषधाला शरीरात बसायला ठरावीक जागा असते, ही कल्पनाच मुळी विषारी बाणांतून आलेली. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत बाणाच्या टोकाला क्युरारे लावत. त्याने शिकारीचे स्नायू लुळे पडत. केंब्रिजच्या जॉन लँगलीने 1905मध्ये कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन टाकलं. स्नायू आखडला. वर क्युरारे दिलं, तसा सैलावला. स्नायूकडे जाणारी नस आधीच निकामी केली, तरी हाच प्रकार. म्हणजे ही दोन्ही विषं नसेवर नव्हे, स्नायूतल्याच कशावर तरी भांडत होती. त्या ‘कशाला तरी’ आज आपण रिसेप्टर म्हणतो. पुढे 1950च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जियात हरणांवर पहिलेवहिले डार्ट मारले, त्यात भरलं होतं तेच निकोटिन. बाणातून निघालेली विद्या अशी अर्ध्या शतकाने पुन्हा बाणात आली.

झायलाझिनची जागा यथावकाश सापडली. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक बारीक पुंजका असतो. या पेशी नॉरॲड्रेनलिन सोडत राहतात, म्हणून जनावर सावध राहतं. पण धानाच्या बांधीत पाणी पुरेसं भरलं की पाटाचं तोंड बुजवावं लागतं, तशी सोय इथेही आहे : पेशीच्या अंगावरचा अल्फा-2 रिसेप्टर. बाहेर सोडलेलं नॉरॲड्रेनलिनच त्यावर येऊन बसतं आणि पेशीला ‘आता पुरे’ म्हणून कळवतं. झायलाझिन तिथे बसून तोच निरोप खोटा देतं. पेशी थांबते, वाघाची मान खाली जाते.

केटामाइनची तऱ्हा वेगळी. डेट्रॉइटच्या कॅल्विन स्टीव्हन्सने ते बनवलं, आणि 1964मध्ये मिशिगनच्या तुरुंगातल्या कैद्यांवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. ‘एनएमडीए’ रिसेप्टरमध्ये एक बारीक वाट असते. ती उघडली की केटामाइन आत शिरून तिथेच अडकतं. वेदना आणि बाहेरचं जग मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, डोळे मात्र सताड उघडे. म्हणून पडलेल्या वाघाच्या डोळ्यांत आधी मलम घालतात, मग वर फडकं बांधतात. झायलाझिनने शरीराचा ताप आवरण्याची यंत्रणाही ढिली पडते. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे जिवावर बेतू शकतं; एक जण गुदद्वारातला थर्मामीटर बघत असतो, दुसरा अंगावर पाणी ओतत असतो. मांजरकुळाला या औषधाने ओकारीही येते. नुकतीच शिकार खाऊन पडलेला वाघ म्हणजे डॉक्टरला वेगळाच घोर.

डार्टच्या सिरिंजमध्ये मावतं जेमतेम काही मिलिलिटर. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयातल्या पशुवैद्यांनी त्यावर तोड काढली : 500 मिलिग्रॅम कोरडं झायलाझिन पाण्याऐवजी थेट 4 मिलिलिटर केटामाइनमध्येच विरघळवायचं. ‘हेलाब्रुन मिश्रण’ ते हेच.

झायलाझिनचं एक दुबळेपण मात्र कुठल्याच मिश्रणाने पुरतं जात नाही. जनावर भेदरलेलं असेल तर त्याच्या अंगात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन उसळतं, आणि हिशेबाने भरलेला डोस अपुरा पडतो. आता गावाशेजारच्या शेतात वाघ दडलाय आणि भोवती दोन-चारशे माणसं आरडाओरडा करताहेत, असं दृश्य डोळ्यांपुढे आणा. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांनी तिथे येऊ नये, हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. मोबाइल उंचावून मोटारसायकलवरून आलेल्यांना मात्र जरूर सांगावं, की तुमचा गलका डार्टमधलं औषध उणं करतोय. गर्दी पांगवणं हे निव्वळ पोलिसांचं काम नाही. तो डोसचाच भाग आहे.

वाघाला उठवायचं औषध निघालं पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीतून. योहिम्बिन. त्या सालीची तिकडे ख्याती कामोत्तेजक म्हणून! योहिम्बिनही अल्फा-2वरच बसतं, पण निरोप काहीच देत नाही, नुसतं झायलाझिनला हुसकावून जागा अडवतं. केटामाइनवर असा उतारा नाही, ते आपल्या चालीनेच उतरणार. योहिम्बिन घाईने दिलं, तर झायलाझिनचं आवरण जातं आणि केटामाइन एकटं उरतं. वाघ ताठरतो, झटके देतो. म्हणून वाघ पिंजऱ्यात ठेवला तरी डॉक्टर घड्याळाकडे बघत थांबतात. डार्ट कधी लागला ती वेळ कागदावर आधीच टिपलेली असते, आणि केटामाइनचा जोर ओसरायला पुरेसा वेळ गेला की मगच योहिम्बिनची सुई भरतात.